शाब्बास म्हणणारं पान

राजूरच्या बाजारपेठेत, मेडिकलच्या वरच्या खोलीत यशोधराने कॉम्प्युटरचा क्लास काढला, तेव्हा लोकांना वाटलं, वर व्हिडिओ दाखवतात. हौशी मंडळी जिना चढून आली, चपला काढून आत डोकावली आणि हिरमुसली होऊन खाली उतरली. साल नव्याण्णव. इंटरनेट अजून घाट चढून राजूरला पोचायचं होतं, आणि ही पोरगी इंटरनेटवरची पानं कशी बनवायची ते शिकवणार म्हणत होती. विहिरीचा पत्ता नाही आणि निघाली पोहायला शिकवायला, असं म्हणून चहाच्या टपरीवर पोटभर हसून झालं.

हसेनात का. यशोधराचं म्हणणं सरळ होतं. पान बनवायला इंटरनेट लागत नाही, डोकं लागतं. वेब पेज इथेच लिहायचं, इथेच उघडून बघायचं. संगमनेरला डिप्लोमा करून आलेली ही मुलगी अंगाने काटकुळी, पण आवाज असा खणखणीत, की वर कुणाला बोलणी बसली की खाली मेडिकलवाल्याच्या हातातल्या गोळ्या सांडायच्या. चूक दिसली की तिला राहवायचंच नाही. "डोळे कुठं आहेत? वाच ती ओळ. मोठ्याने वाच!" मुलं घाबरायची, पण शिकायचीही. तिची आई गीताबाई म्हणायची, "अगं, जरा गोड बोल. पोरं पळून जातील." पोरं काही पळाली नाहीत.

त्या खोलीत दिवाळीच्या महिनाभर आधी एके दिवशी आसाराम गुरुजी आले.

पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. वरच्या अंगाच्या एका वाडीवर त्यांची शाळा. यशोधराला अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली. त्यांना दारात बघताच ती ताडकन उठली आणि वाकून पाया पडली. गुरुजी चार पावलं मागे सरले.

"हे बघ, हितं तू बाई अन् मी विद्यार्थी. वर्गात आलो की मी तुला बाईच म्हननार."

"अहो गुरुजी, काहीतरीच काय!"

"काहीतरी न्हाई. मला प्रोग्राम लिहायला शिकायचंय, बाई."

झालं होतं असं. पुण्याची एक संस्था तालुक्यातल्या एका शाळेला दोन कॉम्प्युटर देणार होती. अट एकच. शाळेतल्या शिक्षकाने त्यांच्यासमोर बसून, स्वतःच्या हाताने, मुलांच्या उपयोगाचं काहीतरी बनवून दाखवायचं. मागे कुठल्याशा शाळेला दिलेले कॉम्प्युटर कपाटात कुलूपबंद राहिले होते म्हणे, म्हणून ही अट. बाकीच्या मास्तरांनी कानावर हात ठेवले. गुरुजी येत्या मे महिन्यात रिटायर होणार होते. वाडीतल्या पोरांनी टीव्हीसुद्धा सरपंचाच्या खिडकीतून बघितलेला. जाण्याआधी त्यांच्या पुढ्यात कॉम्प्युटर ठेवून जायचं, हे गुरुजींनी मनात घेतलं होतं. त्यांनी एकदा मनात घेतलं की घेतलंच.

शिकवणी सुरू झाली. गुरुजी एका बोटाने टाइप करायचे. "आता हा के कुठं दडून बसला?" असं पुटपुटत सगळा कीबोर्ड शोधून काढायचे. बाजूला बसलेली कैनात, बांगडीवाल्या रशीदभाईंची मुलगी, बारावी झालेली आणि तोंडाने भारी तिखट, ती हळूच सांगायची, "गुरुजी, जे आणि एलच्या मधी." गुरुजी खूश व्हायचे.

त्यांनी ठरवलं होतं पाढ्यांचं पान बनवायचं. पान विचारणार, सहा साते किती? मुलाने उत्तर लिहायचं. बरोबर असेल तर 'शाब्बास' उमटणार, चुकलं तर 'पुन्हा कर'. मराठी अक्षरं तेव्हा उमटायची नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. कल्पना गुरुजींची, आणि यशोधराला ती मनापासून आवडली होती.

घोडं अडलं ते बरोबरच्या चिन्हापाशी, त्या दोन आडव्या रेघांपाशी. दोन गोष्टी सारख्या आहेत का, हे मशीनला विचारायचं तर बरोबरचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं. एकदाच लिहिलं तर मशीन काही विचारत नाही. उत्तराच्या जागी आपणच बेचाळीस भरून मोकळं होतं आणि सगळ्यांनाच शाब्बास म्हणत सुटतं. यशोधराने हे फळ्यावर समजावलं होतं. गुरुजींनी मानही डोलावली होती. पण ज्या माणसाने उभा जन्म फळ्यावर बरोबरचं एकच चिन्ह काढलं, त्याचं बोट दुसऱ्यांदा त्या बटणावर जाईल कशाला?

पहिल्यांदा ती चूक दिसली तेव्हा यशोधराच्या तोंडाशी आलं होतं, डोळे कुठं आहेत? पण गुरुजींना कसं म्हणायचं? ज्यांच्या मांडीला मांडी लावून ग गवताचा गिरवला, त्यांना? ती पुढे वाकली आणि म्हणाली, "गुरुजी, सरका जरा, सेव्ह करून देते." सेव्ह करता करता तिने दुसरं चिन्ह टाकून दिलं. पान उघडलं. बेचाळीसला शाब्बास, चाळीसला पुन्हा कर. गुरुजींनी टाळी वाजवली.

मग हा रिवाजच पडला. गुरुजींनी लिहायचं, यशोधराने 'सेव्ह' करायचं. कंस उघडा राहिला, सेव्ह. अक्षर सांडलं, सेव्ह. झाकली मूठ सव्वा लाखाची. गुरुजींना वाटायचं, जमलं बुवा आपल्याला! संध्याकाळी वाडीवर जाऊन पोरांना सांगायचे, "लई सोपं हाय रे, एकदा पन चुकलो न्हाई."

कैनातच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनेही एके दिवशी एकच चिन्ह लिहिलं, आणि यशोधराचा आवाज खालच्या मेडिकलपर्यंत गेला. "कैनात! कितीदा सांगायचं? दोनदा बरोबर!"

कैनातने ओढणी सावरली. "आमच्यावर ओरडता बाई. गुरुजींचं मात्र सेव्ह करता."

बरं झालं, गुरुजी तेव्हा खाली पान खायला गेले होते. यशोधराचा चेहरा पडला. "तू तुझं बघ," एवढंच ती म्हणाली, पण तो टोला वर्मी बसला होता. त्या दिवशी तिने ठरवलं, आज सांगायचंच. गुरुजी आले, बसले, लिहू लागले. ती पाठीमागे उभी राहिली. चूक झाली. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात गुरुजी मागे वळून लहान पोरासारखे हसले, "जमलं ना, बाई?"

"जमलं, गुरुजी," ती म्हणाली आणि सेव्ह करायला वाकली.

दिवाळी सरली आणि संस्थेची माणसं आली. एक बाई, एक तरुण गृहस्थ. वाडीवर लाइटचा भरवसा नाही, म्हणून बघायला ती यशोधराच्या क्लासमध्येच आली. इथून पुढे त्यांना भंडारदऱ्याला जायचं होतं. गुरुजींचा सदरा कडक इस्त्रीचा. वाडीतली चार-पाच मुलंही आली होती. कधी नव्हे ती आंघोळ करून, केसांना तेल थापून, भिंतीला टेकून ओळीने बसली होती.

गुरुजी लिहायला बसले. एक बोट, पण आता सराईत. यशोधरा चहाच्या कपांत अडकली होती. पाहुण्यांच्या हाती कप देऊन ती वळते तोच गुरुजींनी जाहीर केलं, "झालं. आज मीच सेव्ह करतो." आणि केलंही.

यशोधरा घाईने पडद्याकडे वळली.

पान उघडलं. सहा साते किती? वाडीतल्या एका मुलीने बेचाळीस टाइप केले. शाब्बास! पोरांनी टाळ्या पिटल्या. संस्थेच्या बाई हसल्या. "वा! आणि चुकलं तर काय म्हणतं?" म्हणून त्यांनी स्वतः चाळीस टाइप केले.

शाब्बास!

गुरुजींना वाटलं, बाईंच्या बोटाचा काही घोटाळा असेल. त्यांनी स्वतः सात लिहिले. शाब्बास! शंभर लिहिले. शाब्बास! भिंतीपाशी एक पोरगं फिसकन हसलं आणि शेजारणीने त्याला कोपर मारलं. तरुण गृहस्थांनी घड्याळाकडे बघितलं. गुरुजींनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली.

"काल तर चाललं हुतं," ते म्हणाले. "रोज चालत हुतं."

संस्थेच्या बाई स्वभावाने चांगल्या. त्यांनी समजुतीने म्हटलं, "मॅडम, तुम्ही जरा बघता का? एवढंतेवढं होतंच."

गुरुजींनी लगेच खुर्ची सरकवून जागा करून दिली. यशोधराला चूक लांबूनच दिसत होती. वाकायचं, एक बटण दाबायचं, सेव्ह. गुरुजींची अब्रू राहील, कॉम्प्युटर मिळतील, पाहुणे उन्हं उतरायच्या आत भंडारदऱ्याला पोचतील. तिचा हात पुढे गेलाही. पण गुरुजी पडद्याकडे अशा नजरेने बघत होते, जशी नापास झालेली मुलं फळ्याकडे बघतात. आपण काय चुकलो हे ज्यांना कुणी सांगितलेलंच नसतं, ती मुलं. तिला स्वतःचीच चीड आली. या भल्या माणसाला आपण लाडालाडाने अडाणी ठेवलं! उद्या वाडीवर कॉम्प्युटर जातील आणि तिथे सेव्ह करायला कोण असेल?

तिने हात मागे घेतला.

"गुरुजी, चुकलंय," ती म्हणाली. आवाज फाटका निघाला, म्हणून तिने घसा खाकरला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात पुन्हा म्हटलं, "चुकलंय तुमचं. खुर्ची पुढे घ्या. प्रश्न विचारलाय ती ओळ काढा. मोठ्याने वाचा."

कोपऱ्यात बसलेल्या कैनातने मान वर केली. गुरुजी तिच्याकडे बघतच राहिले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी ओळ वाचली.

"जर उत्तर बरोबर बेचाळीस असंल..."

"असं तुम्ही मशीनला विचारलंय की सांगितलंय?"

"विचारलंय."

"नीट बघा. चिन्ह किती आहेत?"

गुरुजींनी चष्मा नाकावर खाली घेतला. बराच वेळ गेला. पाहुण्यांचा चहा गार झाला. तरुण गृहस्थ काहीतरी बोलायला गेले, तर संस्थेच्या बाईंनी त्यांना हातानेच गप्प केलं. गुरुजींनी आधी भलतंच काहीतरी खोडलं. "ते नाही," यशोधरा म्हणाली. पुन्हा भलतीकडे बोट गेलं. "तेही नाही." तिचे डोळे भरून येत होते, पण तिने आवाज हलू दिला नाही. शेवटी गुरुजींचं बोट त्या ओळीवर येऊन थांबलं.

"मी विचारलंच न्हाई," ते हळूच म्हणाले. "मीच उत्तर भरून टाकलं. म्हनून समद्यांना शाब्बास."

त्यांनी दुसरं चिन्ह टाकलं. बेचाळीस, शाब्बास. चाळीस, पुन्हा कर. आता वाडीतली पोरं मुद्दाम चुकीची उत्तरं सांगायला लागली आणि 'पुन्हा कर' आलं की खिदळायला लागली.

संस्थेच्या बाई जाताना म्हणाल्या, "जानेवारीत येतील कॉम्प्युटर. जागा तयार ठेवा." एवढं बोलून त्या जिना उतरल्या. पोरं त्यांच्या मागे गाडी बघायला धावली. कैनातही गेली.

खोलीत दोघंच उरली. गुरुजींना आनंद व्हायला हवा होता, पण ते खुर्चीतून उठेनात.

"ह्याच्या आधी मी कधी चुकलो हुतो का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "रोज," यशोधरा म्हणाली. "रोज चुकायचात, गुरुजी. मी सेव्ह करताना दुरुस्त करायचे."

गुरुजींचा चेहरा उतरला. पोरांसमोर मारलेल्या बढाया त्यांना आठवल्या असणार. ती वाकून पाया धरायला गेली तशी त्यांनी हात आडवा केला.

"सांगितलं का न्हाई?"

"तुम्ही गुरुजी. तुम्हाला मी काय चूक दाखवू?"

"अगं येडे!" गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. खाली मेडिकलवाल्याने नक्कीच मान वर केली असेल. "चौथीनंतर तुला पुढं शिकू द्या म्हनून तुझ्या बापाला सांगाया मी तुमच्या घरी गेल्तो, ठाव हाय ना? तुला काय वाटतं, तू लई हुशार हुतीस म्हनून गेल्तो? तुझ्यापरीस हुशार पोरं वर्गात हुती. पन चूक दाखवली की ती तोंड पाडून बसायची. तू पाटी पुसून पुन्हा लिहायचीस. तेवढ्यासाठी गेल्तो मी. अन् तीच गोष्ट तू माझ्यापासून चोरलीस?"

यशोधराला रडू फुटलं. इतके दिवस ज्याला ती आदर म्हणत होती, त्याची तिला इतकी लाज वाटली की तोंड कुठं लपवावं कळेना. गुरुजींनी तिला रडू दिलं. मग सदऱ्याच्या बाहीने चष्मा पुसला, तो नाकावर चढवला आणि पान बंद करून कोरी फाइल उघडली.

"जानेवारीला वेळ हाय अजून," ते म्हणाले. "मी पहिल्यापास्नं लिहितो. तू हात मागं बांधून उभी ऱ्हा. अन् चुकलो की बोल."

गुरुजींनी एका बोटाने पहिली ओळ लिहिली. यशोधराने डोळे पुसले आणि पडद्याकडे पाहिलं.

"चुकलं, गुरुजी," ती म्हणाली. "पुन्हा करा."