शामचा चौथरा

शेठ चार वाजता येणार होता आणि शीतलला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं होतं ते भागीनं, तिच्या सासूनं, आणि भागी सकाळपासून चुलीपाशी उगाच राख उकरत बसली होती.

आटगावच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी ही वाडी. भागीचा एकुलता एक मुलगा शाम इथून फौजेत गेलेला पहिला माणूस, आणि दीड वर्षामागं सरहद्दीवर पडला तोही पहिलाच. वाडीनं ठरवलं, शामचं स्मारक करायचं. घरटी पायली पायली तांदूळ गोळा झाला, तो शहापूरच्या बाजारात विकला. ज्यांच्याकडे तांदूळ नव्हता त्यांनी दगड वाहिले. फाट्यावर कमरेएवढा चौथरा उभा राहिला. एरवी या वाडीत शेजारी शेजाऱ्याशी बांधावरून धड बोलत नाही. पण शामसाठी सगळे एक झाले, हे मान्य करायला हवं. अडलं ते वरच्या, नाव कोरायच्या काळ्या दगडापाशी. त्याचे पैसे वाडीच्या ऐपतीबाहेरचे. शामचा वर्गमित्र किशोर वाशिंदच्या कारखान्यात कामाला होता, त्यानं एक शेठ गाठला. शेठ सगळे पैसे द्यायला तयार झाला. त्याचं म्हणणं एवढंच, की चेक वीरपत्नीच्या हातात द्यायचा, फोटो पेपरात यायला हवा, आणि सव्वीस जानेवारीला पडदाही वीरपत्नीनंच ओढायचा.

वीरपत्नी बावीस वर्षांची होती. शाम पडला तेव्हा लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं आणि त्यातले दोन महिने काय ते दोघं एकत्र राहिले होते. मूल नव्हतं.

आणि तिला मागणं आलं होतं. मुरबाडच्या अंगाचा भगीरथ, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, घरची थोडी भाजीची शेती. या वाडीच्या लोकांत विधवेचा पाट लागतो, दुसऱ्यांदा संसार मांडण्यात कुणाला वावगं वाटत नाही. फक्त आधीच्या सासूनं मोकळीक द्यावी लागते. वाडीतला म्हातारा कोंडू निरोप घेऊन दिवाळीआधी आला, मग भात झोडायच्या वेळी आला. दोन्ही वेळा भागीनं त्याला गोड बोलून वाटेला लावलं आणि शीतलला त्यातलं अक्षर कळू दिलं नाही. आज सकाळी शीतल पाण्याला गेलेली बघून तो तिसऱ्यांदा आला.

"भागे, संध्याकाळच्या एसटीनं मी मुरबाडला चाललोय. हो का नाय, आज सांग. ती माणसं आता थांबायची नायत."

"दगड बसू दे ना एकदा."

"दगड बसला का मग तुझी सून उठंल का गो तिथनं?"

भागीनं राख उकरायला घेतली ती तेव्हापासून.

दुपारी किशोर आला. त्याच्या पिशवीत नवीकोरी पांढरी साडी होती.

"शीतलला ही नेसू दे, काकी. फोटोत बरं दिसतं."

"आपल्यात पांढरं कोण नेसतं रे?"

"आपल्यात नाय. पण पेपरात बघणाऱ्यांना कळाया पायजे ना." मग त्यानं आवाज खाली आणला. "कोंडूआजाचं मला समजलंय. ते आता काढू नको. शेठच्या शब्दावर दुकानदारानं दगड कोरून ठेवलाय. खाली तिचं नाव हाय, वीरपत्नी शीतल. कोरलेलं खोडता येत नाय, काकी."

किशोर वाईट नव्हता. शाम गेल्यापासून भागीच्या घरात रॉकेल तोच आणून टाकायचा, न मागता. त्याला नाही म्हणणं भागीला जड होतं. आणि खरं सांगायचं तर तिला नाही म्हणायचंच नव्हतं. तिला दगड हवा होता. लोक आताच "तो भागीचा पोरगा, काय रे त्याचं नाव" म्हणायला लागले होते. ती डोळे मिटेल तेव्हा शामला कोण आठवणार? त्या दगडापुढं तिला सून थोडी कमी वाटत होती, आणि तसं वाटतं याची लाजही वाटत होती.

चारला शाळेच्या ओट्यावर सगळी वाडी जमली. शेठ आला, फोटोवाला आला. शीतल पांढरी साडी नेसून आली. कापड कडक, चालताना पायात येत होतं. शेजारच्या भिमीच्या कडेवरचं पोर एरवी शीतलकडे झेप घ्यायचं, ते तिला बघून भोकाड पसरून रडायला लागलं.

शेठ चांगला बोलला. शेवटी म्हणाला, "या ताईंनी आता सारा जन्म त्या वीराच्या नावानं काढायचाय. धन्य आहे त्यांची!" टाळ्या पडल्या. शीतलनं मान खाली घातली. ओट्याच्या कडेला कोंडू पिशवी काखोटीला मारून उभा होता. एसटीला अर्धा तास होता.

शेठनं पाकीट पुढं केलं, शीतलनं हात पुढं केले.

"ताई, चेहरा जरा दुःखी ठेवा," फोटोवाला म्हणाला.

भागी ताडकन उठली. "शीतल, घेऊ नको ते."

"काकी, खाली बस," किशोर दबक्या आवाजात म्हणाला.

"तुला मागणं आलंय, गो. तीनदा आलं. मी लपवलं तुझ्यापासनं."

शेठनं किशोरकडे बघितलं, किशोरनं जमिनीकडे. शेठ काय ते समजला. तो रागावला असता तर बरं होतं. "आधी तुमचं घरचं ठरू द्या," एवढंच म्हणून त्यानं पाकीट खिशात घातलं आणि गाडीत जाऊन बसला.

गाडीची धूळ खाली बसायच्या आत वाडी पेटली.

"पोरांच्या तोंडचा तांदूळ काढून दिला आमी, भागे!" वाडीतली बुधी अंगावर धावून आली. "आता त्या चौथऱ्यावर काय गोवऱ्या थापायच्या?"

"माझ्या पोराचं नाव हाय ते!" भागी ओरडली. "तुमच्याहून जास्त मला नको का? पण त्याला पांढऱ्यात गुंडाळून आणलेला मी बघितलाय. हिला जिती गुंडाळलेली मला नाय बघवत."

शीतल आता सासूसमोर येऊन उभी राहिली.

"पयलं कदी आलं मागणं?"

"दिवाळीच्या आदी."

"आन् मी तुमाला आई म्हनत होते."

भागीला वाटलं, हिनं थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. शीतल कोंडूकडे वळली. "आजा, हो म्हणून सांगा त्यांना."

"तुझ्या एकटीच्या 'हो'वर भागत नाय, पोरी," कोंडू म्हणाला. "सासूचा शब्द लागतो. पाच माणसांत, रीतीनं."

रीत सगळ्यांना ठाऊक होती. सासूनं मेलेल्याचं नाव घ्यायचं, तो मेला असं स्वतःच्या तोंडानं बोलायचं, आणि त्याची बायको मोकळी केली म्हणायचं. शब्द थोडेच. पण शामची शवपेटी अंगणात उतरवली तेव्हाही भागीनं तो एक शब्द उच्चारला नव्हता. लोक बोलायचे, ती ऐकून घ्यायची.

बुधीसुद्धा मागं सरली. भागीनं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. वळणावर एसटीचा आवाज आला, पण कोंडूनं घाई केली नाही.

"माझा शाम," ती म्हणाली आणि थांबली. शीतल तिचा हात धरायला पुढं झाली नाही. ती नुसती बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मेला," भागी म्हणाली. "माझा शाम मेला. त्याची बायको मी मोकळी केली."