‘पुन्हा दाखवू नका’ म्हणणारा चौकोन

मी एक जुना चौकोन आहे. हसू नका मित्रांनो, चौकोनालाही आयुष्य असतं. आकाराने मी करंगळीच्या नखाएवढाही नाही. संगणकाच्या पडद्यावर एक पिवळी खिडकी उघडते, तिच्यात काहीतरी इशारा लिहिलेला असतो आणि त्या खिडकीच्या तळाला, डाव्या कोपऱ्यात मी बसलेला असतो. माझ्या शेजारी पाच शब्द आहेत : हा इशारा पुन्हा दाखवू नका. माझ्यावर टिचकी मारली की माझ्या पोटात बरोबरची खूण उमटते आणि तो इशारा कायमचा गप्प होतो. एवढंच माझं काम. ते मी इमानेइतबारे केलं आणि तेच एकदा अंगाशी आलं.

माझं घर म्हणजे एक डीबगर. डीबगर म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायचं अवजार. प्रोग्राम त्यात घालून सावकाश चालवायचा, हवा तिथे थांबवायचा आणि कुठे काय बिघडलंय ते बघायचं. काही संशयास्पद दिसलं की डीबगर इशारा देतो. आमचा डीबगर बाजारातून आणलेला नव्हता. तो काकांनी स्वतः लिहिला होता. काका म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर. डोक्यावर केस कमी, पण एकदा खुर्चीत बसले की चार तास उठायचं नाव नाही.

ऑफिस लिफ्टचे प्रोग्राम तयार करायचं. लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबणार, दार केव्हा उघडणार, केव्हा निघणार, हे सगळं ठरवणारा प्रोग्राम. गंमत म्हणजे आमच्या इमारतीला लिफ्टच नव्हती. लिफ्टवाली मंडळी रोज चार जिने चढून, धापा टाकत कामाला यायची. आल्यावर पहिली पाच मिनिटं कुणी कुणाशी बोलत नसे.

दुसऱ्या महत्त्वाच्या व्यक्ती म्हणजे वहिनी. प्रोग्राम तयार झाला की तो सगळ्या बाजूंनी तपासायचा आणि ‘लिफ्ट चालू करायला हरकत नाही’ या कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. त्यांचा धाकटा दीर आधी इथेच होता. तो वहिनी म्हणायचा म्हणून सगळेच म्हणू लागले. दीर नोकरी सोडून गेला, वहिनी मात्र वहिनीच राहिल्या. काका त्यांच्या वडिलांच्या वयाचे, तेही त्यांना ‘अहो वहिनी’ म्हणत.

आता माझ्या जन्माची गोष्ट ऐका. टेबलावर एक छोटी लिफ्ट मांडली होती. मोटर आली होती, दोऱ्या आल्या होत्या, पण दारं कारखान्यातून यायची होती. प्रोग्राम बिचारा न आलेल्या दाराला सारखा विचारत होता, ‘लागलंस का?’ उत्तर कुठून येणार? मग डीबगर पिवळी खिडकी उघडायचा : दार बंद झाल्याचं उत्तर आलं नाही. ‘ठीक आहे’ दाबलं की ती मिटायची आणि पुढच्या क्षणी तीच खिडकी पुन्हा हजर. दाराच्या उत्तरावाचून लिफ्टही जागची हलेना. म्हणून काकांनी प्रोग्राममध्ये तात्पुरती सोय केली : निघायच्या वेळी पाच सेकंद वाट बघ, उत्तर नाही आलं तर इशारा दे आणि नीघ.

तशी लिफ्ट हलू लागली, पण खिडक्यांचा त्रास होता तिथेच राहिला. दोन दिवस वहिनींनी ‘ठीक आहे’ दाबून दाबून बोट दुखवून घेतलं. तिसऱ्या दिवशी काका जेवून परत आले तर काय, वहिनींच्या कीबोर्डवर एंटरच्या बटणावर स्टेपलर ठेवलेला. स्टेपलर आपल्या वजनाने एकामागून एक खिडक्या बंद करतोय आणि वहिनी शांतपणे डबा खातायत.

“अहो, हे काय?” काका म्हणाले.

“तुमच्या डीबगरला कामाला माणूस ठेवलाय,” वहिनी म्हणाल्या. “बोलत नाही, सुट्टी मागत नाही.”

काका पोट धरधरून हसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी मला तयार केलं. म्हणजे मित्रांनो, मी स्टेपलरच्या जागी नोकरीला लागलेला माणूस आहे. माझ्यावर पहिली टिचकी वहिनींनीच मारली. दाराचा इशारा गप्प झाला आणि सगळ्या खोलीने सुटकेचा निःश्वास सोडला. “काका, जिंकलंत!” असं वहिनी म्हणाल्या. ते शब्द मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवले.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. ज्याला त्याला मी हवा. विशेषतः एक्स्प्रेसला. हा एक्स्प्रेस म्हणजे दोन मुलांचा बाप असलेला, पण सतत गाडी सुटत असल्यासारखा वागणारा प्रोग्रामर. खिडकी पूर्ण उघडायच्या आत त्याची टिचकी माझ्यावर पडलेली असे. इशाऱ्यात काय लिहिलंय हे वाचायची त्याला कधी गरज वाटली नाही. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटायचं. कामाला कोणीतरी विचारतंय, याहून जास्त काय हवं असतं?

गप्प केलेल्या इशाऱ्यांची एक यादी डीबगरच्या पोटात जमत होती. इशारा कुठला, गप्प कुणी केला, कोणत्या तारखेला, सगळं तिथे नोंदलेलं. चार वर्षांत एकसष्ट नावं झाली. ती यादी कुणीही, एकदाही उघडली नाही. डीबगर दिवसेंदिवस शांत होत गेला आणि काका अभिमानाने सांगू लागले, “आपला प्रोग्राम आता स्वच्छ झालाय. एक खिडकी येत नाही!”

चार वर्षांनी वृद्धांच्या निवासाच्या एका इमारतीचं काम आलं. चार मजले, साठ-सत्तर आजी-आजोबा. कुणाच्या हातात काठी, कुणी चाकाच्या खुर्चीत. त्यांनी एकच मागणी केली : दारं हळू लागू द्या, आम्हाला आत शिरायला वेळ लागतो. रास्त मागणी होती. तशी दारं बसवली, लिफ्ट उभी राहिली. शुक्रवारपासून ती सगळ्यांसाठी सुरू व्हायची होती. गुरुवारपर्यंत वहिनींची सही हवी होती.

बुधवारी सकाळी तिथल्या मिस्त्रींचा फोन आला. वहिनींनी तो मोठ्या आवाजावर लावला.

“वहिनी, तिसऱ्या मजल्यावर दार पुरतं लागायच्या आत लिफ्ट हलल्यासारखी वाटली मला. एकदाच. नंतर वीस वेळा करून बघितलं, तसं झालं नाही.”

“भास झाला असेल,” एक्स्प्रेस मागून म्हणाला.

“भास व्हायला मी काय जागरण करून आलोय?” मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तीस वर्षं लिफ्ट बसवणारा माणूस उगाच फोन करत नाही, हे वहिनींना माहीत होतं. टेबलावरच्या लिफ्टची दारंही त्यांनी तशीच हळू करून घेतली आणि प्रोग्राम डीबगरमध्ये चालवला. दहा वेळा. पंधरा वेळा. डीबगर एका शब्दाने बोलला नाही. एवढ्याशा दाराची फट आणि लिफ्टची हालचाल उभ्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी कळण्यासारखी नव्हती.

“झालं समाधान?” काका म्हणाले. “करा सही. काही असतं तर डीबगरने सांगितलं असतं. त्यासाठीच तर बांधलाय मी तो.”

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं ते कसं सांगू? मला सगळं माहीत होतं. डीबगर सांगतच होता, दर फेरीला सांगत होता, पण त्याचं तोंड दाबून मीच बसलो होतो. आणि मला वाचा नाही. मी नुसता चौकोन. कुणीतरी येऊन माझ्यातली खूण काढल्याशिवाय मला काहीही करता येत नाही. चार वर्षं स्वतःला कर्तबगार समजत होतो, त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.

गुरुवारी सकाळी वहिनींनी कागद पुढे घेतला, पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

“काका, एक विचारू? डीबगर गप्प आहे की आपण त्याला गप्प केलंय?”

वहिनींनी यादी उघडली. पहिल्यांदाच. एकसष्ट नावं पाहून त्या ताडकन एक्स्प्रेसकडे वळल्या. “हे सगळे तुमचे पराक्रम ना?” एक्स्प्रेसने मान खाली घातली. चव्वेचाळीस त्याचे होतेच. पण वहिनी वर सरकत सरकत यादीच्या पहिल्या ओळीपाशी आल्या आणि त्यांचा हात थांबला. दार बंद झाल्याचं उत्तर आलं नाही. गप्प करणाऱ्याचं नाव : त्यांचं स्वतःचं.

“अगं बाई,” त्या एवढंच म्हणाल्या. “हे तर मीच केलंय.”

खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वी त्यांचं काही चुकलं नव्हतं. दारच नव्हतं, तर दाराची तक्रार ऐकून करायचं काय? नऊ दिवसांनी दारं आली, जोडली गेली, सगळ्यांनी चहा घेतला. खूण काढायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. चूक झाली ती तिथे.

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढेही मीच बसलेला असतो; वहिनींनी पहिल्या ओळीपुढच्या माझ्यावर टिचकी मारली. माझ्या उभ्या आयुष्यात खूण काढण्यासाठी कुणी टिचकी मारायची ही पहिलीच वेळ. पोट एकदम मोकळं झालं.

पण प्रश्न सुटला नाही. प्रोग्राम चालवला आणि खिडक्यांचा लोंढा आला. लिफ्ट मजल्यावर उभी, माणसं आत येण्यासाठी दार उघडं, तरी प्रोग्राम विचारतोच, लागलंस का? उत्तर येत नाही, खिडकी येते. दार उघडंच असताना ते लागलं नाही म्हणून कसली काळजी? अशा निरुपद्रवी खिडक्यांत खरी खिडकी कुठे शोधायची? एक्स्प्रेसचा हात सवयीने माझ्याकडे वळला. वहिनींनी त्याच्या हातावर सरळ चापट मारली.

“दडपायचं नाही आणि हजारदा दाखवायचंही नाही,” त्या म्हणाल्या. “काका, एकदाच दाखवा आणि पुढचे मोजा. पण वेगवेगळे मोजा. लिफ्ट उभी असताना किती, हलताना किती.”

काकांनी दुपारपर्यंत तेवढंच केलं. जेवायलाही उठले नाहीत. मग प्रोग्राम चालवला. एकच खिडकी आली, तिच्यात दोन ओळी. लिफ्ट उभी असताना : चारशे नऊ. लिफ्ट हलताना : तीन.

तीन वेळा, दार उघडं असताना, लिफ्ट निघाली होती. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जुनी दारं तीन सेकंदांत लागायची, म्हणून त्यांच्या त्या पाच सेकंदांच्या सोयीचा आजवर कुणाला उपद्रव झाला नव्हता. ही हळू दारं कधी पाच सेकंद घेत, कधी सहा.

“तुमची नुसती खूण राहिली वहिनी,” काका म्हणाले. “माझी तर ओळच राहिली. तात्पुरती म्हणून लिहिली होती मी. काठी घेतलेलं माणूस दारात असतं तर...”

वहिनींनी मिस्त्रींना फोन लावला, लिफ्ट बंद ठेवा म्हणून सांगायला. “ती मी कालच बंद केलीय,” मिस्त्री म्हणाले. “बाहेर पाटी लावून, किल्ली खिशात घालून बसलोय. म्हटलं, तुम्ही फोन कराल.” वहिनींचा जीव भांड्यात पडला.

काकांनी ती ओळ काढली. दाराचं उत्तर आल्याशिवाय लिफ्ट आता जागची हलत नाही, मग कितीही वेळ लागो. शुक्रवारचा मुहूर्त टळला, चार जणांनी चार बोलणी ऐकवली, ती वहिनींनी ऐकून घेतली. दोनशे फेऱ्या झाल्या. लिफ्ट हलताना : शून्य. तरी वहिनींनी ऑफिसात बसून सही केली नाही.

त्या आठवड्यात काकांनी माझ्याकडेही पाहिलं. माझ्या शेजारचे शब्द बदलले : हा इशारा आजच्या दिवसापुरता दाखवू नका. खाली एक रिकामी ओळ आली : कारण लिहा. रोज सकाळी माझं पोट आपोआप रिकामं होतं. खरं सांगतो, मला आधी फार लागलं. जन्मभर ‘कायमचा’ असलेल्याला एकदम रोजंदारीवर आणलं म्हणजे काय! एक्स्प्रेसला तर कारण लिहायचा इतका कंटाळा, की तो चक्क इशारे वाचून चुका दुरुस्त करू लागला. माझ्याकडे येणारी गर्दी ओसरली. एकटं वाटतं कधीकधी. पण झोप शांत लागते.

मित्रांनो, तुमच्याही मनात, घरात, शाळेत माझ्यासारखे चौकोन असतात. कुणी तेच तेच सांगायला लागलं की तुम्ही खूण करून मोकळे होता. खुशाल करा, दमलात तर जरूर करा. फक्त का केली ते आठवा आणि ते कारण संपलं की खूण काढायला परत या. मला स्वतःहून ती काढता येत नाही, म्हणून हात जोडून सांगतो.

पुढच्या बुधवारी वहिनी स्वतः त्या इमारतीत गेल्या. मिस्त्रींबरोबर चारही मजले वर-खाली केले, तिसऱ्या मजल्यावर दहा वेळा थांबल्या, मग भिंतीला कागद टेकवून सही केली. परत आल्यावर जिन्याची धाप ओसरेपर्यंतही त्या थांबल्या नाहीत, उभ्या उभ्याच सांगू लागल्या. काठी टेकत एक आजी सगळ्यांत आधी आत शिरल्या, दार सावकाश लागलं, त्या तिसऱ्या मजल्यावर उतरल्या. वहिनींनी त्यांना विचारलं, “कशी वाटली लिफ्ट?”

“वाटायचंय काय त्यात?” आजी म्हणाल्या. “खाली होते, वर आले.”

हे ऐकून काका उठले, खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.