बारा पेरं

सामन्याच्या दिवशी सकाळपासून मी खेळाडूंची नावं पाठ करत होते. पंचेचाळिशीच्या बाईनं सांगू नये, पण तीनदा आरशासमोर म्हणून बघितली. एकोणीस वर्षं मी फुटबॉलचं समालोचन करणाऱ्या मास्तरांच्या शेजारी बसून चिठ्ठ्या सरकवल्या. चेंडू कुणाकडे, बदली कोण आली, किती मिनिटं उरली. टीव्हीवरचा आवाज त्यांचा, गृहपाठ माझा. आठ महिन्यांपूर्वी मास्तर गेले आणि या अंतिम सामन्याला त्यांच्या खुर्चीत मला बसवलं. खुर्ची त्यांच्या उंचीची. माझे पाय जमिनीला टेकेनात आणि ती खाली करायचा खटका कुणाला सापडेना.

मास्तरांच्या दोन सवयी होत्या. पहिली, सामन्याच्या सकाळी एका खेळाडूच्या घरी फोन करायचा. गप्पा मारायच्या आणि मग अख्खा सामना त्या एका घरासाठी बोलायचा. "कोटभर लोकांशी बोलता येत नाही," म्हणायचे, "एका माणसाशी येतं."

दुसरी सवय सगळ्यांना ठाऊक होती. गोल खाल्ला की लगेच सांगून मोकळे व्हायचे, पण काही भारी घडलं की गप्प. अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवायचे आणि चार बोटांची बारा पेरं मोजून होईपर्यंत चकार शब्द काढायचे नाहीत. मैदानच काय ते बोलायचं. तेराव्याला रिप्ले आणि रिप्लेबरोबर मास्तर. ते गेले तरी आमच्याकडे हेच चालू आहे. आमचा प्रोड्यूसर आतल्या खोलीत आजही बोटांवरच मोजतो. एरवी त्याला स्वतःच्या चष्म्याचीही आठवण राहत नाही.

तर सकाळी मी आमच्या गोलकीपरच्या घरी फोन लावला. आई बोलल्या. लेकीला घरात बारकी म्हणतात, मैदानावर ती पावणेसहा फूट असली तरी.

"मी काही बघत नाही हो ताई," त्या म्हणाल्या. "चेंडू बारकीकडे यायला लागला की मी सरळ स्वयंपाकघरात. नळासमोर उभी राहते, टीव्हीकडे पाठ करून. आवाज तेवढा मोठा ठेवते. मास्तर गप्प झाले की समजायचं, अडवला पोरीनं! मग बारा मोजायचे आणि परत दाखवतात ते बघायला बाहेर यायचं."

"आज मास्तर नाहीत, मी आहे," मी म्हटलं.

"तुम्ही त्यांच्याच ना? मग झालं तर."

फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि तिचे केस कानामागे बांधलेत का बघा. दुसऱ्या कुणी कानाला हात लावलेला खपत नाही तिला. लहानपणापासून. डॉक्टरचासुद्धा हात झटकते."

मी ते वहीत लिहून घेतलं. मास्तर असलं सगळं लिहून घ्यायचे.

एकाहत्तराव्या मिनिटापर्यंत निभावलं. मग समोरच्या संघाची नऊ नंबरची पोरगी चेंडू घेऊन एकटीच सुटली. बारकी पुढे धावली, उजवीकडे झेपावली आणि बोटांच्या टोकानं चेंडू बाहेर काढला. मैदान उसळलं. मी गप्प झाले. ठरवून नाही. अंगठा आपोआप करंगळीवर गेला होता.

एक. दोन.

तिसऱ्या पेराला माझ्या लक्षात आलं की झेपेच्या भरात तिचं डोकं गोलच्या खांबाला आपटलंय. चौथ्याला तिनं उठायला हवं होतं. ती उठली नाही. चेंडू बाहेर गेला होता, आमच्या बचावफळीतल्या पोरी मिठी मारायला धावत होत्या आणि एकेक जागच्या जागी थांबत होती. डॉक्टर बाई पेटी घेऊन पळत निघाल्या.

तेव्हा मला आई आठवल्या. त्या नळासमोर उभ्या होत्या. गर्दीचा जल्लोष आणि माझी शांतता, दोन्ही त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या हिशेबी पोरीनं अडवला होता. त्या खूश होत्या. मी गप्प होते तोवर त्या खूश राहणार होत्या आणि मी बोलले की बाहेर येणार होत्या, रिप्ले बघायला.

पाच. सहा.

कानात प्रोड्यूसर म्हणाला, "काय अडवला! रिप्ले तयार आहे, बारा झाले की सोडतो." त्याचे डोळे रिप्लेच्या पडद्यावर होते. तिथं ती अजून हवेतच होती.

मी फक्त आतल्या खोलीत ऐकू जाणारं बटण दाबलं. "सोडू नकोस. मैदान बघ."

"अरे देवा," तो म्हणाला. आणि मग, "तू बोल काहीतरी."

काय बोलू? सात. मास्तर काय बोलले असते? आठ. मास्तरांच्या समोर असं कधी झालंच नव्हतं. इतकी घाबरले होते की त्या मेलेल्या माणसाचा मला राग आला. एकोणीस वर्षांत सगळं शिकवलंत, हे कोण शिकवणार होतं? नऊ. डॉक्टर गुडघ्यावर बसल्या. तिचा हात त्यांनी उचलला, सोडला, तो तसाच पडला.

दहाव्या पेराला मी तोंड उघडलं.

"आई, अजून बाहेर येऊ नका."

कानात प्रोड्यूसर ओरडला, "कुणाशी बोलतेयस?"

"तुमच्या लेकीनं चेंडू अडवला, ते खरं आहे. पण तिचं डोकं खांबाला लागलंय. ती पडलीये. डॉक्टर पोचल्यात. ती उठेल की नाही, मला माहीत नाही. जे दिसेल ते मी सांगते. तुम्ही तिथंच थांबा, नळ धरून."

आता माघार नव्हती. मला दिसेल ते सांगायचं कबूल केलं होतं आणि नको ते दिसलं तर तेही एका आईला, सगळ्या देशासमोर, मीच सांगणार होते.

"हातमोजा काढलाय. बोटं हलत नाहीयेत." मी सांगितलं. "डॉक्टर नाव घेऊन हाक मारतायत. उत्तर नाही." सांगितलं. "मान धरून ठेवलीये. स्ट्रेचर येतंय." मध्ये सांगण्यासारखं काही नसायचं तेव्हा मी म्हणायचे, "मी इथंच आहे, आई." मैदानात हजारो माणसं होती, पण कुणी खोकतही नव्हतं.

"रक्त आहे का बघायला डॉक्टरांनी केस बाजूला केले. कानामागे हात नेला..."

आणि बारकीचा हात वर आला. फट्कन.

"झटकला!" मी किंचाळले. असलं किंचाळणं मास्तरांना अजिबात चाललं नसतं. "आई, तिनं डॉक्टरांचा हात झटकला! कानाला हात लावू देत नाहीये! या, आता या बाहेर!"

पुढचं मला धड आठवत नाही. सामना हरलो म्हणतात.

संध्याकाळी दवाखान्यातून आईंचा फोन आला. डोक्याला नऊ टाके, पोरगी शुद्धीवर आहे, भूक लागली म्हणून कटकट करतेय. मी रडायला लागले तर त्याच मला समजावत बसल्या.

"बरं झालं दहालाच बोलले," मी नाक पुसत म्हटलं. "बारा झाले असते तर तुम्ही बाहेर आला असतात. तिला तसं पडलेलं बघितलं असतंत."



"बारापर्यंत मला कधी धीर धरवलाय का, ताई? मास्तरांच्या वेळीही नाही. आठलाच दारात होते मी. हात उचलून सोडला, ते बघितलं."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात येऊ नका. म्हणून परत आत गेले आणि नळ धरून उभी राहिले."