डोळा चुकवून

यशोधरा आजोबांच्या चपलांवर बसली होती. एकीवर एक चप्पल ठेवून, वर फ्रॉक नीट पसरून, पाटावर जेवायला बसावं तशी. अंगणवाडीच्या सतरंजीवर बाकीची नवी लेकरं लोळत होती, रडत होती, एकमेकांचे डबे उघडत होती. ही मात्र भिंतीला पाठ लावून दाराकडं बघत गप्प होती.

शेजारी तिचे आजोबा, गावाचे सिताराममामा, मांडी घालून बसलेले. सकाळपासून. मामांनी आता तिसऱ्यांदा गुडघा चोळला, तेव्हा बबिताताई त्यांच्याजवळ वाकल्या.

"मामा, असं बसलात तर वर्षभर बसावं लागेल. आम्ही तिचं ध्यान दुसरीकडं लावतो. तेवढ्यात निघा. वळून बघायचं नाही."

"अन् चपला?"

"राहू द्या हो," मदतनीस सगुणाबाई म्हणाल्या, "करवलीनं नवरदेवाचे जोडे धरावेत तशी बसलीय. काहीतरी कबूल केल्याबगर सोडत नसती ती!"

मामा हसले. यशोधरा हसली नाही.

*

डोळा चुकवून जायचं. ही बबिताताईंची रीत. पिंगळीच्या अलीकडच्या या गावात त्या सून म्हणून आल्या, पुढं सेविका झाल्या, तेव्हापासूनची. आई मागं सरकते, ताई पुढं होतात, मध्ये खुळखुळा वाजतो. लेकरू वळून बघतं, तर दार रिकामं. जरा रडारड, मग खिचडी, मग झोप. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता आपापली लेकरं घेऊन येत होत्या आणि काही न सांगताही बरोब्बर मागं सरकत होत्या.

*

सगुणाबाईंनी प्लास्टिकचा हत्ती नाचवला. यशोधराची मान जराशी वळली.

मामा अनवाणी निघाले. बाहेरचा मुरूम तापला होता. चवड्यांवर पावलं टाकत, लहान मूल चालतं तसे चालत ते कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

यशोधरानं शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग उठली. चपला उचलून दाराबाहेर नेल्या, भिंतीला लावून सरळ ठेवल्या आणि परत येऊन बसली.

रडली नाही.

"लय शहाणी लेक हाय," सगुणाबाई म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आजोबा दाराशी सोडून कधी गेले, हे तिनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. खिचडी संपवली. ताट धुवायच्या जागी नेऊन ठेवलं. बबिताताई इतर आयांना सांगू लागल्या, "त्या यशोधराकडं बघा. पोरगी असावी तर अशी."

मग एक दुपार. सुट्टी झाली आणि लेकरं आपापल्या माणसांच्या पायांना जाऊन धडकली. सिताराममामा दारात हात पसरून वाकले.

"यशू, ये माझ्या बाळा."

यशोधरा उठली. मामांच्या पसरलेल्या हाताखालून वाकून बाहेर गेली आणि रस्त्याला लागली. वाटेत बाभळीची फांदी आडवी आल्यावर माणूस वाकून जातं, तशी.

मामांचे हात तसेच राहिले. मग त्यांनी उगीच टोपी काढून झटकली.

बबिताताई टोपलीत ठोकळे भरत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

"घरीही असंच करते का, मामा?"

"घरी बी." मामा उंबऱ्यावर टेकले. रस्त्यावर सगुणाबाईंनी यशोधराला थोपवून धरलं होतं. "तिची माय, माझी प्रियांका, पुण्याला कंपनीत हाय. जावई गेल्यापासून. संक्रांतीला आली व्हती. पहाटंच्या गाडीनं निघाली. मीच म्हणलो, निजू दे पोरीला, उगं उठवू नको. रडाय लागली की माझ्यानं बगवत न्हाई."

"मग?"

"मग काय. पोरगी उठली. आईच्या वाकळंवर हात फिरवून बगितला. काईच इचारलं न्हाई. आता फोन आला तर कानाला बी लावत न्हाई. आमी म्हणलो, इसरली. बरंच झालं."

बबिताताईंनी हातातला ठोकळा टोपलीत टाकला. पुन्हा बाहेर काढला. पदरानं पुसला, पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"उद्या चोरून जायचं नाही, मामा. तिच्यासमोर बसा. जातो म्हणून सांगा. कधी येणार तेही सांगा. मग जा."

"बोंबलंल की ती!"

"बोंबलू द्या."

"बाई, तुमीच म्हणलात, वळून बगायचं न्हाई म्हणून."

"म्हणाले होते," बबिताताई म्हणाल्या आणि ठोकळा टोपलीत ठेवला.

*

सकाळी मामा तिच्यासमोर उकिडवे बसले. घसा खाकरला.

"यशू. मी जायलोय. जेवणं झाली की न्यायला येतो."

यशोधरा त्यांच्या गुंडीकडं बघत राहिली.

"जायलोय बरं का मी."

ते उठले. उंबऱ्यापर्यंत गेले, वळले, पुन्हा म्हणाले, "येतो बाळा." आणि पाऊल बाहेर टाकलं.

आधी नुसता श्वास ऐकू आला, आत ओढलेला. मग ती धावली. धोतर धरलं. बबिताताईंनी तिला उचललं तेव्हा तिनं लाथा मारल्या, बांगड्या ओरबाडल्या, आणि असा हंबरडा फोडला की रुळलेली लेकरंही एकेक करून सुरू झाली.

"ताई, आठवड्याचं सगळं केलेलं मातीत गेलं!" सगुणाबाई कानावर हात ठेवून ओरडल्या. "आता कोणकोणाला आवरू?"

"आवरू नका."

दारातून राजेश्री आपल्या पोराच्या पाठीमागून हळूच मागं सरकत होती. ती स्वतः याच सतरंजीवर वाढलेली.

"राजेश्री," बबिताताई म्हणाल्या, "त्याला सांगून जा."

राजेश्री जागीच थांबली. तिला कसं सांगायचं तेच कळेना.

यशोधराचं तोंड आता बबिताताईंच्या खांद्यात होतं. खांदा ओला, गरम झाला होता. तिला थोपटत त्या खिडकीशी गेल्या. मामा गेलेच नव्हते. भिंतीला टेकून फोनवर बोलत होते.

"न्हाई, न्हाई, पडली-बिडली न्हाई. तीच हाय. तिचाच आवाज हाय त्यो... शिफ्टला जाशील गं, आधी ऐक."

त्यांनी फोन कानावरचा काढला आणि हात लांब करून खिडकीच्या दिशेनं धरला. बराच वेळ धरला. बबिताताईंना पाहिलं, तरी खाली घेतला नाही.

मग कानाला लावला.

"आता येशील ना," ते म्हणाले, "तवा जाताना उठीव तिला."