आज सकाळी मी मुद्दाम बंद पडले

अरे थांब, जाऊ नकोस, आधी हे ऐक! आज सकाळी माझा सौदा ठरत होता. गिऱ्हाईक दारात, मी मस्त धडधडत चालू, आणि ऐन वेळी मी बंद पडले. मुद्दाम! हो, आम्हा गाड्यांना जमतं ते. फक्त कुणाला सांगत नाही आम्ही.

मी या गॅरेजमधली जुनी जीप बोलतेय. चारही चाकांनी जोर लावणारी, चिखल-दगडातून वाट काढणारी. वय विचारू नकोस. बोलण्यावरून तरुण वाटत असेन, तर तो संगतीचा परिणाम. भिंतीपलीकडे कॉलेजच्या पोरांच्या स्कूटर लागतात, आणि ती पोरं घरी जायचं नावच घेत नाहीत.

कारखान्यातून निघाले ती थेट धरणाच्या मोजणीवर. काय दिवस होते यार! रस्ता म्हणून नव्हताच. माणसं तंबू, दुर्बिणी, लोखंडी खांब माझ्यावर लादायची आणि मी गुरगुरत डोंगर चढायचे. मग धरण झालं, रस्ता झाला, आणि रस्ता झाला म्हटल्यावर माझं काम काय? गुळगुळीत मोटारी आल्या, मला एका वीटभट्टीच्या मागे नेऊन उभं केलं. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. त्यातली एक रोज स्टिअरिंगवर चढून समोर अशी बघायची, जणू आता निघालोच आपण.

तिथून मला काकांनी आणलं. काका म्हणजे माझे मालक. तेव्हा ते नकाशे काढायच्या ऑफिसात होते. मला दोराने ओढत दाराशी आणली, तर काकू मुलीला कडेवर घेऊन उभ्या.

"अहो, हे काय आणलंत?"

"जीप."

"चालते?"

"चालेल."

त्या एका 'चालेल'पायी पुढचे सगळे रविवार गेले. पिठाची चाळणी पेट्रोल गाळायला गेली. घरातले टूथब्रश म्हातारे व्हायच्या आधीच माझे प्लग घासायला गेले. एकदा पाहुण्यांसमोर काकूंनी बिस्किटांचा डबा उघडला, तर आत नट-बोल्ट. "घ्या ना, खुसखुशीत आहेत," काकू म्हणाल्या. पाहुणे हसले, काकू नाही हसल्या. मला त्या सवत म्हणायच्या. पण माझ्या सीटची कव्हरं शिवली कुणी? त्यांनीच. दुहेरी शिलाई घालून.

माझीही एक तक्रार आहे, ऐकून घे. एवढं घासून-पुसून, रंगवून मला न्यायचे कुठे? कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत. आणि परत. चिखल कसा असतो तेच माझे टायर विसरले. मनातून सारखं वाटायचं, कुणीतरी न्या रे मला डोंगरात.

आता काकांची सवय सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. इंजिनात बारीक खरखर आली की काका लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्यायचे. टोक माझ्या इंजिनावर टेकवायचं, आणि मूठ कानामागच्या हाडावर. डोळे मिटून ऐकायचे. कुठला वॉल्व्ह कुरकुरतोय ते बरोबर सांगायचे. डॉक्टरने नाडी बघावी तसं.

पण गेली काही वर्षं मला एक गोष्ट खटकत होती. स्क्रूड्रायव्हर लावला की त्यांना सगळं ऐकू यायचं. काढला की म्हणायचे, "किती मऊ आवाज झालाय हिचा!" मऊ कसला? मी खडखडत होते! फाटकातून कुणी हाक मारली तरी यांचं लक्ष नसायचं. मला कळलं, काकांना ऐकू येत नाही. त्यांना मात्र पत्ताच नव्हता. मुलीने एकदा विषय काढला, तर म्हणाले, "माझे कान? वॉल्व्हची कुरकुर ऐकतो मी! तुम्ही सगळे पुटपुटता."

आणि काकूंना वाटायचं, हा माणूस माझ्याकडे बघतसुद्धा नाही, सगळा जीव त्या डबड्यात.

मग मागच्या महिन्यात काकूंच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. काकू इथे, माझ्या मडगार्डला टेकून म्हणाल्या, "ताईजवळ कुणी नाही. चला ना माझ्याबरोबर." काका माझ्या पोटाखाली होते. "बरं, बघू," म्हणाले. काकू एकट्या गेल्या, एकट्या आल्या. आल्या त्या थेट गॅरेजात. "या घरात आता ती राहील, नाहीतर मी!"

हे इतक्या जोरात होतं की काकांना ऐकू आलं. भांडले नाहीत. मुलीला म्हणाले, "हिची जाहिरात टाक."

आज सकाळी गिऱ्हाईक आलं. तरणाताठा गुरांचा डॉक्टर. म्हणाला, "डोंगरात वाड्या आहेत, माझी गाडी तिथे पोचत नाही. जनावर अडलं की मी खालीच अडकतो." माझ्या तर रेडिएटरला उकळीच फुटली! काम! चढ! चिखल! काकांनी मला चालू केलं. डॉक्टर माझा तळ बघायला खाली शिरला. काका बोनेट पुसत होते. हळूहळू, एकाच जागी. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, राहू दे. रागात बोलले मी. नका विकू."

काका पुसतच राहिले. वळलेसुद्धा नाहीत. काकूंनी ओठ घट्ट मिटले आणि घराकडे वळल्या. मला ते बघवेना. म्हटलं, शांत झाले तर निदान ऐकू तरी येईल! आणि मी बंद पडले.

काकू थांबल्या. मोठ्याने म्हणाल्या, "मी म्हणतेय, विकू नका!"

काका म्हणाले, "पेट्रोल येत नसेल." आणि स्क्रूड्रायव्हर कानामागे लावून माझ्या इंजिनातल्या पंपावर वाकले.

मग काकू भडकल्या. तरातरा आल्या, स्क्रूड्रायव्हरचं टोक पकडलं आणि स्वतःच्या हनुवटीवर टेकवलं. "इथे लावा! इथे आहे बिघाड!"

काका जागच्या जागी थिजले.

"परत बोल."

"रागात बोलले मी. विकू नका."

"त्याच्या आधीचं."

"आधीचं कुठलं? किती वर्षांचं सांगू?"

काका हसले नाहीत. मूठ कानामागून काढली. काकू काहीतरी बोलल्या, ते नुसते ओठांकडे बघत राहिले. पुन्हा लावली. "ताईंच्या ऑपरेशनचं... तू मला सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही 'बरं, बघू' म्हणालात."

काका माझ्या पायरीवर मटकन बसले. "मला वाटायचं, तू पुटपुटतेस."

काकू हनुवटीवर टोक धरून तशाच त्यांच्यासमोर वाकल्या. "आणि मला वाटायचं, मी नकोशी झालेय."

माझ्या खालून आवाज आला, "मी बाहेर येऊ का?" डॉक्टर सरपटत निघाला, कपडे झटकत म्हणाला, "काका, हाडातून एवढं स्पष्ट ऐकू येतंय, म्हणजे आतला कान चांगला असेल. उपाय निघेल. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. मी गुरांचा, माझं फार मनावर घेऊ नका."

"आजच जायचं," दारातून मुलगी म्हणाली. हे कुणी त्यांना हाडातून सांगितलं नाही, पण तिने हात धरून उठवलंच.

काका मात्र आधी माझ्याजवळ आले. "शब्द दिलाय यांना. चालू झाली तर घेऊन जा." काकांनी चावी फिरवली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला काहीही झालं नव्हतं रे, एका झटक्यात सुरू झाले असते! गेले असते डोंगरात. पण मला बघायचं होतं, उद्या हा माणूस मधे काही न धरता बायकोचं पहिलं वाक्य ऐकेल, तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो. मी गप्प राहिले. डॉक्टरने माझं बोनेट थोपटलं, "बरी झाली की कळवा," म्हणाला आणि पायीच निघाला.

तेव्हापासून नुसती घालमेल चाललीय. ती तिघं दवाखान्यात आहेत. वरच्या वाडीत आत्ता एखादी गाय अडली असेल, आणि तो पोरगा खाली अडकला असेल. मी इथे धडधाकट, टाकीत पेट्रोल.

तू सांग ना. चावी फिरली तेव्हा माझ्या जागी असतास, तर तू काय केलं असतंस?