न पुकारलेलं कुझुमी

मला संशय घ्यायची खोड आहे. आई म्हणायची, ही पोरगी स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागेल.

एप्रिलपासून एक माणूस रोज मी चालवते त्या सकाळी सात वाजून बारा मिनिटांच्या गाडीला चढायचा आणि बरोबर माझ्या पाठीमागे, चालकाच्या कक्षाच्या काचेला लागून उभा राहायचा. साठी उलटलेला, करड्या टोपीतला. आमची गाडी मूळची मोठ्या शहरातली. तिथे माणसं खच्चून भरून नेण्यासाठी बांधलेली, एकेका डब्याला एका बाजूनं चार-चार दारं. तिथे ती जुनी झाल्यावर आमच्या कंपनीनं दोन डबे घेतले आणि पट्ट्याचा रंग बदलला. आमच्याकडे सकाळी फार तर चौदा माणसं असतात. सगळे बाक रिकामे सोडून हा उभा का?

शिवाय त्याचे ओठ हलायचे. आम्ही चालक सिग्नल दिसला की पांढऱ्या हातमोज्यातलं बोट रोखतो आणि मोठ्यानं पुकारतो, "सिग्नल हिरवा." स्टेशन जवळ आलं की, "पुढे कुझुमी, थांबा." गाडीत गार्ड नसतो, ऐकणारं कुणी नसतं, तरी पुकारायचंच, नियमच आहे तसा. मी तोंड उघडलं की समोरच्या आरशात त्याचंही तोंड उघडलेलं दिसायचं. जणू माझा शब्दन् शब्द पडताळून पाहतोय.

"वरून माणूस पाठवलाय माझ्यावर," मी उपस्टेशनमास्तर निवा-सानना म्हणाले.

"कुणी?" ते चहात बघत म्हणाले.

"तुम्हीच सांगा."

"अहो हानावा-सान, आपल्याला गळकं छप्पर दुरुस्त करणं जमत नाही. हेर कुठून पोसणार?"

"मग चहात काय बघताय?"

"माशी पडलीय."

माशी खरंच होती. तरी मला पटलं नाही.

मागच्या हिवाळ्यात बर्फावर माझी गाडी फलाटाच्या पुढे घसरली होती. पुन्हा असं झालं तर गाडी सोडून तिकीटखिडकीवर बसायचं, असं मला लेखी मिळालं होतं. बावीस वर्षं मी गाडी चालवतेय, दुसरं मला काही येत नाही आणि आवडतही नाही. त्या खिडकीची मला भीती वाटायची.

म्हणून मी अक्कल लढवली. मंगळवारी कुझुमीचं पुकारणं मुद्दाम गाळायचं आणि त्याचा चेहरा पाहायचा. कचेरीचा माणूस असेल तर दुपारपर्यंत मला बोलावणं येईलच.

वळण संपलं, कुझुमीचा फलाट दिसला. मी तोंड मिटून आरशात पाहिलं. त्याचे ओठ हलले आणि मध्येच थबकले. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सापडलास, मी मनात म्हटलं.

"कुझुमी, थांबा!" तो काचेवर हात आपटून ओरडला.

तेव्हा मला कळलं की ब्रेकवरचा माझा हात हललेलाच नाही. बावीस वर्षं तोंडानं पुकारायचं आणि हातानं ऐकायचं, अशी सवय. तोंड गप्प, म्हणून हातही गप्प. मी ब्रेक लावला, पण गाडी थांबली तेव्हा पुढचं दार फलाट ओलांडून गवतावर गेलं होतं. पातीच्या कांद्याची जुडी घेतलेली एक आजी फलाटाच्या टोकापर्यंत चालत येऊन माझ्याकडे बघत राहिली. मी रेडिओवरून परवानगी घेतली, गाडी मागे घेतली आणि प्रवाशांची माफी मागितली.

शेवटच्या स्टेशनवर तो टोपी काढून वाकला.

"माझं चुकलं. मी तोकोरो. शहरात ह्याच गाडीवर एकतीस वर्षं चालक होतो. निवृत्त होऊन मुलीकडे राहायला आलो, तर ही गाडी माझ्याआधीच इथे पोचलेली. पुकारायची वेळ आली की तोंड आपोआप चालतं हो. तुम्हाला त्रास झाला असणार."

लाजेनं मला मान वर करवेना.

दुपारी चौकशीसाठी कचेरीत गेले तर तोकोरो-सान आधीच येऊन बसलेले. साक्ष द्यायला आपणहून आले होते.

"पुकारलं होतं का?" साहेबांनी मला विचारलं.

"पुकारलं होतं," तोकोरो-सान मध्येच म्हणाले. "मी काचेपाशीच होतो, स्पष्ट ऐकलं. ह्यांनी ब्रेकही वेळेवर लावला. गाडीच थकलीय. शहरातही असाच दगा द्यायची."

"मग भंगारातच काढावी लागेल," साहेब लिहायला लागले.

तोकोरो-सान मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले. माझी सुटका झाली होती. फक्त गप्प बसायचं होतं.

"हे खोटं बोलताहेत," मी म्हणाले. त्यांच्याबद्दलचा माझा एवढा एकच संशय खरा निघाला. "गाडीचा ब्रेक उत्तम आहे. मी पुकारलं नाही, आणि तेही मुद्दाम."