वेचलेली पावलं

तिसऱ्या गावातही तेच झालं. होडीतून उतरून लास्तेनियानं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच काठावर कपडे धुणारी एउदोसिया हात पुसत उठली आणि म्हणाली, "सांगू नकोस पोरी. मला ठाऊक आहे. तो गेला त्या मंगळवारीच येऊन गेला."

"कोण?" ठाऊक असूनही लास्तेनियानं विचारलं.

"तुझा बाप, दुसरं कोण? पावलं वेचायला."

मारान्योन नदीच्या काठी यात कुणाला नवल वाटत नाही. माणूस जग सोडून जायला निघाला की आयुष्यभर जिथं जिथं हिंडला तिथं त्याचा जीव एकदा फिरून येतो आणि आपली पावलं वेचून घेतो. कुणाच्या घरात फळी करकरते, कुणाचं भांडं पडतं, आणि त्या घरच्यांना कळतं की अमुक एकजण चालला. तिचा बाप आर्तेमियो तमानी चाळीस वर्षं परदेशी पाहुण्यांना जंगल दाखवत या नदीवर फिरला होता. त्याची पावलं पुष्कळ ठिकाणी सांडलेली असणार, हे लास्तेनियाला पटत होतं. पटत नव्हतं ते वेगळंच. नाउत्यातल्या त्याच्या स्वतःच्या घरात, जिथं चार महिने ती त्याला भरवत, पुसत, कुशीवर वळवत होती, तिथं काहीच वाजलं नव्हतं. तो गेल्यावर नऊ दिवस तिनं दाराला कडी घातली नाही. उंदीरसुद्धा फिरकला नाही.

पहिल्या गावात एका म्हाताऱ्या कोळ्याच्या भिंतीवरचं वल्हं आपोआप खाली आलं होतं. दुसऱ्या गावात मास्तरांचा कुत्रा रिकाम्या पायरीकडे बघून शेपूट हलवत बसला होता. दोन्ही त्याच मंगळवारी, दुपारी.

"एकाच दुपारी चार गावं," होडी बांधता बांधता सेगुंदो म्हणाला. तो आर्तेमियोचा जन्माचा जोडीदार. मोटर सेगुंदो चालवायचा, पाहुण्यांशी आर्तेमियो बोलायचा. "जिवंतपणी कधी वेळेवर पोचला नाही हा माणूस."

"चौथं कुठलं, काका?"

सेगुंदोनं दोरीला आणखी एक गाठ मारली. तिची गरज नव्हती. "माझं. जेवत होतो, तर त्याच्या विडीचा वास आला. म्हटलं, आलास का फुकट्या, बस."

"मला सांगितलं नाहीत."

"तुझ्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही."

होडीत तिसरी होती ओदिल. साठीची, काटक, फ्रान्सच्या कुठल्याशा गावात शाळेतून निवृत्त झालेली. अकरा वर्षं दर कोरड्या हंगामात ती यायची आणि आर्तेमियोबरोबर आठ-दहा दिवस आत जंगलात राहून वहीत ताडांची चित्रं काढायची. या वेळी नाउत्याच्या धक्क्यावर उतरल्यावर तिला कळलं, की आर्तेमियोला जाऊन महिना झाला. ती धक्क्यावरच पिशवीवर बसून राहिली. तेव्हा लास्तेनिया म्हणाली, "चला, मी नेते. काका वाट जाणतात." आपण असं का म्हणालो, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. बाजारातला आग्वाखे फळांचा गाळा तिनं शेजारणीवर सोपवला होता. बापानं तिला त्या जंगलात कधी नेलं नव्हतं. "तिथं काय आहे? डास," एवढंच म्हणायचा. अडतीस वर्षांत एवढंच.

एउदोसियानं त्यांना वर घरात नेलं, ताडाच्या फळ्यांवर बसवलं आणि तुंब्यांतून मासातो दिला. आंबवलेल्या युका कंदाचं ते पेय ओदिलनं न थांबता पिऊन टाकलं. लास्तेनियानं तुंबा हातातच धरला.

"आत कुठून आला?"

"मागच्या दारानं."

"मागच्या?"

"नेहमी तिकडूनच यायचा," एउदोसिया म्हणाली, आणि मग एकदम तिला चुलीची आठवण झाली. सेगुंदो नदीकडे बघू लागला.

लास्तेनियानं सोडलं नाही. "पावलं कशी वाजली?"

"कशी म्हणजे?"

"तुम्ही ऐकलीत ना? मग सांगा की."

एउदोसिया चुलीपासून वळली. मुलगी आपली परीक्षा घेते आहे हे तिनं ओळखलं, पण रागावली नाही. "एक जड, एक हलकं. जड, हलकं. जमीन अशी दबत गेली, इथून तिथपर्यंत. मी म्हटलं, बस, थंड आहे, पी. वळून बघते तर कुणी नाही."

हे खरं होतं. तरुणपणी पाकट माशानं नांगी मारल्यापासून आर्तेमियोचा डावा पाय नीट टेकत नसे. जंगलातल्या भुताचा एक पाय वेडावाकडा असतो म्हणतात. नवे पाहुणे आले की तो लंगडत पुढे जायचा आणि म्हणायचा, माझा पाय नीट बघून घ्या, मग मागून या. सगळ्यांना ही गंमत माहीत होती. पण फळी दबण्याची ती चाल कुणी उगाच रचून सांगेल असं लास्तेनियाला वाटेना. बाई खोटं बोलत असती तर बरं झालं असतं. ती खोटं बोलत नव्हती, आणि लास्तेनियाच्या छातीत काहीतरी आंबत चाललं होतं. तिनं मासातो प्यायलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते, आर्तेमियो ओदिलला जिथं न्यायचा, त्या जंगलातल्या तळ्याच्या वाटेला लागले. पाणी उतरत असल्यामुळे सेगुंदो होडीपाशीच थांबला. "काळजी नको. हिला माझ्यापेक्षा वाट जास्त माहीत," तो ओदिलकडे बोट करून म्हणाला. ओदिल पुढे आणि लास्तेनिया मागे. गोरी बाई कुठं वाकायचं, कुठल्या मुळावर पाय द्यायचा, कुठल्या खोडाला हात लावायचा नाही, हे न बघता करत होती. त्या वळण्यात, त्या थांबण्यात बाप होता. आपल्या घरचे कपडे परक्या बाईच्या अंगावर बघावेत तसं लास्तेनियाला वाटत होतं.

"इथं तो झोपायची झोळी बांधायचा," तळ्याकाठच्या दोन झाडांपाशी ओदिल म्हणाली. साल दोरीनं घासून गुळगुळीत झाली होती. "माझी तिकडे. आणि संध्याकाळपर्यंत बोलायचा. बोलायला लागला की थांबायचाच नाही."

"काय बोलायचा?"

"सगळं. नदीचं, तुझ्या आईचं. तुझं तर पुष्कळ. माझी मुलगी मासे बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नाही, म्हणायचा."

घरी तो मुका असायचा. जेवायचा, जाळं दुरुस्त करायचा, झोपायचा. पाहुण्यांसमोर बोलून बोलून शब्द संपतात, असं आई म्हणायची. आपल्याविषयीचे ते शब्द या बाईच्या देशात, कुठल्यातरी वहीत चित्रांच्या कडेला लिहिलेले असतील, असं मनात आलं आणि लास्तेनियानं पाठीवरची पिशवी आदळावी तशी खाली टाकली.

ओदिल तळ्याकडे तोंड करून बसली. मग तिनं मान न वळवता विचारलं, "लास्तेनिया, समुद्रापलीकडे येतात का गं?"

"काय?"

"पावलं वेचायला. माझ्याकडे तो कधी आला नव्हता, हे खरं. पण अकरा वर्षं... त्या मंगळवारी मी घरीच होते. मी आठवून आठवून बघितलं. काहीच वाजलं नाही." ती हसायचा प्रयत्न करत होती. "शिकलेल्या बाईनं असलं काही विचारू नये. पण या तीन गावांत ऐकून ऐकून मला... मी त्या एउदोसियाच्या घरात बसू शकत नव्हते."

लास्तेनियानं तिच्याकडे बघितलं. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. महिनाभर ती स्वतः तोच चेहरा घेऊन फिरत होती. 'माझ्याकडेही नाही आला,' एवढंच म्हणायचं होतं. दोघींचं ओझं हलकं झालं असतं.

"माझ्याकडे आला," ती म्हणाली.

ओदिलनं मान हलवली. "अर्थात. तू मुलगी आहेस." ती उठून पिशवीतल्या झोळीच्या दोऱ्या सोडवू लागली आणि तिच्याकडून गाठ सुटेना.

कुणीतरी आपला हेवा करावा, एवढंच तर लास्तेनियाला हवं होतं. आता तो समोर होता आणि त्याला चवच नव्हती.

"कुठून आला?" ओदिलनं पाठमोरीच विचारलं. "पावलं कशी वाजली?"

काल आपण विचारलं होतं त्याच सुरात. आता काहीतरी सांगायला हवं होतं. "खाटेपासून दारापर्यंत," लास्तेनिया म्हणाली. "सात पावलं. एक जड, एक हलकं. मध्ये एकदा थांबला, दम घ्यायला. मग दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, पाणी उतरलं. मग परत सात."

"बोलला?" ओदिल वळली. "मेल्यावर बोलला?"

 हे लास्तेनियानं रचलं नव्हतं. चार महिने रोज दुपारी हे असंच घडलं होतं. त्याला नदी बघायची असायची. ती त्याला उठवायची, तो तिच्या खांद्यावर भार टाकायचा आणि दोघं सात पावलं चालायचे. तिची घाई असायची. चुलीवर काहीतरी करपत असायचं. मनात म्हणायची, आज तरी राहू दे, बाबा.

"मंगळवारी नाही," ती म्हणाली. "मंगळवारी नाही आला. मी खोटं बोलले. हे त्याआधीचं, रोजचं. तो जिवंत असतानाचं."

ओदिल दोरी हातात घेऊन तिच्याजवळ येऊन बसली. तळ्यात मोठ्या माशानं उसळी मारली, वर्तुळं काठापर्यंत आली आणि विरली.

"रोज?"

"रोज. शेवटचा आठवडा सोडून."

"तो आजारी आहे हे मला कुणी कळवलं असतं तर मी आले असते," ओदिल म्हणाली. "सातातलं एक पाऊल तरी मला मिळालं असतं." ती हे लपवत नव्हती. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात दुःखापेक्षा हेवाच जास्त होता, उघडा, एखाद्या पोरीसारखा.

तिला कळवायला हवं होतं. बापाच्या पाहुण्यांच्या वहीत पहिल्याच पानावर तिचा पत्ता होता, आणि ती वही चार महिने लास्तेनियाच्या गाळ्यात, फळांच्या टोपल्यांमागे पडून होती. लास्तेनियानं हे सांगितलं नाही. तिचं समाधानही केलं नाही.

"कुठल्या खांद्यावर हात ठेवायचा?" ओदिलनं विचारलं.

"उजव्या."

ओदिल त्या खांद्याकडे बघत राहिली. लास्तेनियानं तिला बघू दिलं.